वाकून वाचायचं शहर

जर्मनीत शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींचा शनिवार-रविवार बहुतेक ठरलेला असतो. शनिवारी वसतिगृहाच्या तळघरातल्या मशीनवर कपडे धुवायचे, आठवड्याचं दूध-भाजी भरून ठेवायची, कारण रविवारी झाडून सगळी दुकानं बंद; आणि रविवारी दुपारी घरी व्हिडिओ कॉल. पण खिशात ‘डॉइचलांड टिकट’ असतं. महिन्याचे पैसे एकदा भरले की देशभरातल्या साध्या गाड्या, ट्राम, मेट्रो, बस सगळं त्यात येतं. वेगवान आयसीई तेवढी येत नाही. आम्ही राहतो त्या लाइपत्सिगहून बर्लिन आयसीईनं सव्वा तासावर आहे. आम्हा विद्यार्थ्यांच्या तिकिटावर विटेनबर्गला गाडी बदलत जायचं, म्हणजे अडीच-तीन तास धरायचे. ल्यूथरनं १५१७ मध्ये चर्चला आव्हान दिलं ते हेच विटेनबर्ग. तिथल्या फलाटावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन झाली की पुढची गाडी येते.

सोबत माझी कोल्हापूरची मैत्रीण होती. तिच्याकडे यादी तयार होती आणि यादीत चूक काढण्यासारखं काही नव्हतं. ब्रांडेनबुर्ग दरवाजा तर बघायलाच हवा. १७९१ मध्ये तो बांधून झाला, १८०६ मध्ये नेपोलियननं त्याच्या माथ्यावरचा चार घोड्यांचा रथ काढून पॅरिसला नेला, आणि १८१४ मध्ये तो परत आला. संसदेवरचा काचेचा घुमटही बघायला हवा. आधी नाव नोंदवलं की तिथं फुकट जाता येतं, आणि घुमटाखाली थेट सभागृह दिसतं. या संसदेच्या भिंतींवर १९४५ मध्ये शहर जिंकणाऱ्या सोव्हिएत सैनिकांनी कोळशानं आपली नावं खरडली होती. नव्वदच्या दशकात इमारतीचं नूतनीकरण झालं, तेव्हा ती नावं पुसायची की ठेवायची असा वाद झाला. ती ठेवली गेली. ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांचं हस्ताक्षर आपल्याच संसदेच्या भिंतीवर! बर्लिन हे कुठल्या जातीचं शहर आहे याचा पहिला अंदाज मला तिथं आला.

राजधान्या आपले विजय मांडून ठेवतात. पॅरिसमध्ये विजयाची कमान आहे, लंडनमध्ये ट्रॅफलगार चौक आहे. विजयस्तंभ बर्लिनमध्येही आहे, १८७३ चा, टोकाला सोनेरी देवी असलेला. तो लांबून दिसतो आणि छान दिसतो. पण ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून पाच मिनिटं दक्षिणेला चाललं, की शहराच्या अगदी मोक्याच्या जागी करड्या काँक्रीटचे २७११ ठोकळे उभे आहेत. युरोपातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंचं हे स्मारक. पीटर आयझेनमननं त्याची रचना केली आणि २००५ मध्ये ते खुलं झालं. कडेचे ठोकळे गुडघ्याएवढे. बसून पाणी प्यावं, बुटाची लेस बांधावी, असे. आत शिरलं की पायाखालची जमीन उतरत जाते आणि ठोकळे वाढत जातात. थोड्याच पावलांत ते डोक्याच्या वर जातात. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज बारीक होतो. दोन ठोकळ्यांमधल्या वाटेनं एकाच माणसाला नीट चालता येतं, त्यामुळे सोबतचं माणूस मागे राहतं, कडेच्या फटीतून दिसतं आणि लगेच नाहीसं होतं. कुठंही नाव नाही, कुठंही आकडा नाही. काही मुलं ठोकळ्यांवरून उड्या मारत होती, एक जोडपं फोटो काढत होतं. मैत्रीण चिडली. मला ते खटकलं नाही. सुट्टीच्या दिवशी मुलं खेळतात अशा जागी एखाद्या देशानं आपला सर्वांत मोठा गुन्हा मांडून ठेवावा, त्याला कुंपण घालू नये, तिकीट लावू नये, याचं मला मोल वाटलं.

तिथून चालत गेलं की एक साधं पार्किंग लागतं. भोवती रहिवासी इमारती, मध्ये उभ्या केलेल्या गाड्या, कडेला माहितीचा एक फलक. हिटलरनं ज्या तळघरात स्वतःला संपवलं ते या जागेखाली होतं. तिथं चौथरा नाही, पाटी मोठी नाही, हार घालायला जागा नाही. कोणाला किती जागा द्यायची हे या शहरानं विचार करून ठरवलं आहे.

पण सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला तो फुटपाथवर. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकारानं नव्वदच्या दशकात एक काम सुरू केलं. ज्या घरातून माणसं उचलून नेली, त्या घराच्या दारासमोर फरसबंदीत दहा सेंटिमीटरचा एक चौकोनी दगड बसवायचा, आणि त्यावर पितळी पत्रा. पत्र्यावर हातानं ठोकलेली अक्षरं : इथे राहत होती, नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड बसले आहेत. एकट्या बर्लिनमध्ये हजारो. आमच्या हॉस्टेलशेजारच्या इमारतीच्या दारात असे चार दगड एकमेकांना चिकटून होते. आडनाव एकच. आई, बाप, दोन मुलं. धाकट्याचं जन्मसाल १९३४, आणि शेवटच्या ओळीत १९४३, आउशवित्स. अक्षरं बारीक असतात, उभ्याउभ्या वाचता येत नाहीत. कमरेत वाकावंच लागतं. आम्ही वाकून वाचत असताना त्याच दारातून एक बाई किराण्याच्या पिशव्या घेऊन आत गेल्या. पायरीवर चढताना त्यांचं पाऊल बरोबर दगडांच्या कडेनं पडलं. रोजची सवय असणार. पितळ काळं पडतं म्हणून लोक ते घासूनही ठेवतात, विशेषतः ९ नोव्हेंबरच्या आसपास. ज्यू लोकांची दुकानं आणि प्रार्थनास्थळं १९३८ मध्ये फोडली-जाळली गेली, ती ही रात्र.

संध्याकाळी आम्ही बेबेलप्लात्सला गेलो. १० मे १९३३ ला याच चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली. ‘विद्यार्थ्यांनी’ हे मला सांगायलाच हवं, कारण गुंडांनी जाळली असा आपला समज असतो. विद्यापीठाचे विद्यार्थी होते, सोबत प्राध्यापकही होते, आणि जळत होती ती मार्क्स, फ्रॉइड, हाइनरिश मान, एरिक केस्टनर यांची पुस्तकं. केस्टनर स्वतः गर्दीत उभा राहून ते बघत होता. आज चौकात काहीच दिसत नाही. फरसबंदीच्या मधोमध एक काच बसवलेली आहे, तिच्यापाशी उभं राहून खाली बघायचं. खाली पांढरीशुभ्र खोली. चारही भिंतींना छतापर्यंत फळ्या, वीस हजार पुस्तकं मावतील एवढ्या, आणि सगळ्या रिकाम्या. इस्रायली शिल्पकार मिखा उल्मन यांनी १९९५ मध्ये केलेलं हे काम. रस्ता ओलांडला की समोरच हुम्बोल्ट विद्यापीठाचं मोठं फाटक, आणि तिथं जुन्या पुस्तकांची टेबलं मांडलेली. तिथं मी युरोमध्ये किमती बघत उभी होते तेव्हा डोक्यात एकच नाव होतं. याच विद्यापीठाची पदवी १९३० मध्ये इरावती कर्व्यांनी घेतली होती.

त्यांचं ‘युगान्त’ आमच्या घरात होतं, तसं ते अनेक मराठी घरांत असतं. द्रौपदी, कुंती, गांधारी माणसं म्हणून मला पहिल्यांदा तिथं भेटल्या. गौरी देशपांड्यांची आई म्हणूनही इरावतीबाई माहीत होत्या. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या, बर्लिनला शिकल्या होत्या, हे ओझरतं वाचलेलं. त्या बर्लिनमध्ये नेमकं काय शिकल्या आणि कुणाकडे, हे मला इथं जर्मनीत येऊन समजलं. त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी मिळून लिहिलेलं त्यांचं चरित्र मध्यंतरी आलं, त्याची चर्चा आमच्या विभागातही झाली. तेव्हाच ठरवलं होतं की बर्लिनला गेले की त्या जिथं शिकल्या ती इमारत बघायची.

रविवारी यादीत माउअरपार्कचा जुना बाजार होता. मी म्हटलं, त्याऐवजी डालेमला जाऊ.

“अगं, पण तिथं बघायला काय आहे?” मैत्रिणीनं विचारलं.

“एक इमारत. आणि रविवार आहे, ती बंदच असेल.”

ती हसली आणि आली. बाजार राहिला. बर्लिनच्या भिंतीचा भाग आम्ही सकाळी लवकर उरकला. चेकपॉइंट चार्ली या जुन्या सीमा-नाक्यावर वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा बेर्नाउअर श्ट्रासेला जावं. तिथं घरं पूर्वेत आणि घरासमोरचा फुटपाथ पश्चिमेत होता. १३ ऑगस्ट १९६१ नंतर लोकांनी खिडक्यांतून खाली उड्या मारल्या, आणि मग खिडक्याच विटांनी बुजवल्या गेल्या.

डालेम हे बर्लिनचं नैर्ऋत्येकडचं उपनगर. यू-३ मेट्रो एका टप्प्यानंतर जमिनीवर येते, दोन्ही बाजूंना झाडं आणि बंगले लागतात. डालेम-डोर्फ स्टेशनला चक्क गवती छप्पर आहे. त्याच्या पुढचं स्टेशन टीलप्लात्स, आता त्याला फ्राय विद्यापीठाचं नाव दिलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीनं आपल्या उत्तमोत्तम संशोधनसंस्था या झाडीत आणून वसवल्या. जवळच्याच एका इमारतीत १९३८ च्या डिसेंबरात ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना युरेनियमचा अणू फुटल्याचं आढळलं. त्यांची सहकारी लिझे माइटनर ज्यू वंशाची होती, म्हणून ती त्याआधी पाच महिने देश सोडून पळाली होती. काय घडलं याचा अर्थ तिनं स्वीडनमध्ये बसून लावला. या शांत, सावलीच्या गल्ल्यांमध्ये एवढं सगळं घडलेलं आहे. रविवारी तिथं सायकलवर पोरं असतात, बाकी कोणी नसतं.

इनेश्ट्रासे २२. कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र संस्था १९२७ मध्ये इथं उघडली. पहिले संचालक ऑयगेन फिशर. १९०८ मध्ये ते आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, आजच्या नामिबियात, जाऊन गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र संततीची मापं घेऊन आले होते, आणि त्यावरून अशा लग्नांविरुद्ध शास्त्राचा दाखला देत होते. त्यांनी दोन सहलेखकांसोबत लिहिलेला आनुवंशिकीवरचा ग्रंथ हिटलरनं तुरुंगात वाचला होता. १९२८ मध्ये या माणसाकडे पुण्याहून एक मराठी विद्यार्थिनी आली. नुकतीच मुंबई विद्यापीठातून समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली एम. ए. झालेली. वय विशीतलं, लग्न झालेलं. नवरा दिनकर कर्वे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. तिनंही जावं हा त्यांचा आग्रह. सासरे महर्षी कर्वे, पण तिचं परदेशी जाणं त्यांना पसंत नव्हतं. पैसे उभे राहिले ते काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन.

हे तपशील मी पुन्हापुन्हा वाचले आहेत, कारण ते मला ओळखीचे वाटतात. कर्ज काढून परदेशी शिकायला आलेल्या माणसाला गाइड म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडे व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवलेलं ब्लॉक्ड अकाउंट असतं, व्हिसाची तारीख असते, घरी हप्ता सुरू झालेला असतो. विषय गाइड देतो, साहित्य त्याच्या कपाटात असतं, सही त्याची लागते. त्याला काय आवडेल याचा अंदाज पहिल्या महिन्यातच येतो, आणि आपण लिहितो ते हळूहळू त्या बाजूला झुकायला लागतं. असं कोणी करायला सांगत नाही. तसं होत जातं.

फिशरनी इरावतीबाईंना विषय दिला तो मानवी कवटीच्या असमानतेचा. त्यांची कल्पना अशी, की कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंत फरक असणं हे गोऱ्या वंशाचं लक्षण आहे आणि त्यांच्या वरचढ बुद्धीशी त्याचा संबंध आहे. फक्त मोजून दाखवायचं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपीय होत्या, आणि वसाहतींतून आणलेल्याही होत्या. निष्कर्ष काढला तो असा, की असमानता सगळ्यांतच असते, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही. हे त्यांनी प्रबंधात लिहिलं आणि फिशरच्याच हातात दिलं. त्यांना उत्तीर्ण होण्यापुरता सर्वांत खालचा दर्जा मिळाला असं चरित्रकार सांगतात.

यात आरडाओरडा नाही, मोर्चा नाही, भाषण नाही. बाई मोजत बसल्या, आणि जे मोजलं ते लिहिलं. पण ते कुठे आणि कधी लिहिलं हे बघा. १९३० च्या सप्टेंबरात नाझी पक्ष संसदेत दुसऱ्या क्रमांकावर आला. १९३३ मध्ये, पुस्तकं जाळली त्याच वर्षी, फिशर बर्लिन विद्यापीठाचे, म्हणजे आजच्या हुम्बोल्टचे, रेक्टर झाले. त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला, आणि कोणाची करायची हे ठरवायला या संस्थेतले तज्ज्ञ दाखले देऊ लागले. ऱ्हाइनलांडमध्ये फ्रेंच फौजेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांपासून झालेल्या मुलांची १९३७ मध्ये नसबंदी झाली, त्यासाठीही इथल्याच माणसांनी मापं घेतली. फिशरनंतर संचालक झालेल्या फेर्शुअरचा जुना सहायक म्हणजे योझेफ मेंगेले. आउशवित्समध्ये मारलेल्यांच्या शरीराचे भाग तो या पत्त्यावर पाठवत असे. यातलं बरंचसं आज दाराजवळच्या पाटीवर लिहिलेलं आहे. पाटी १९८८ मध्ये लागली. शास्त्रज्ञानं आपल्या कामाची आणि त्यातून काय होईल त्याची जबाबदारी घ्यायला हवी, अशा अर्थाचं वाक्य तिच्या शेवटी आहे. मैत्रिणीनं ते मोठ्यानं वाचलं, मग परत एकदा वाचलं. ती बॅटरीवर संशोधन करते.

इरावतीबाईंना देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही, त्यांनाही ते रुचलं नसतं. त्या कवट्या मुळात कुणाच्या होत्या? त्यांतल्या काही पूर्व आफ्रिकेतल्या माणसांच्या, वसाहतीच्या राज्यात उचलून आणलेल्या. आणि मोजमापाची ही पद्धत घेऊनच त्या परत आल्या. पुढे डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रभर जातीजमातींच्या माणसांची मापं घेतली. त्या विद्येवर आज अनेक प्रश्न उभे आहेत आणि ते रास्त आहेत. तरीही, जिथं आकडे आधी ठरलेल्या उत्तराकडे वळवायचे अशीच सगळी व्यवस्था होती, तिथं त्यांनी ते वळवले नाहीत. हे मोठं आहे. मी विद्यार्थी आहे म्हणून मला ते अधिक मोठं वाटतं.

या जागेची गोष्ट अजून संपलेली नाही. २०१४ मध्ये इथून जवळच, विद्यापीठाच्या ग्रंथालयापाशी, बांधकामाच्या खड्ड्यात माणसांची हाडं सापडली. ती कुठून आली असतील हा विचार नीट होण्याआधीच त्यांचं दहन करण्यात आलं. मग पुरातत्त्व अभ्यासकांनी शिस्तीत खोदकाम केलं. हाडांचे सुमारे सोळा हजार तुकडे निघाले. बायका, पुरुष, मुलं, सगळ्यांचे. काहींवर संग्रहातल्या वस्तूवर असतात तशा खुणा होत्या. त्यांची तपासणी करून वंश शोधायचा का, हा प्रश्न आला. ज्यू, सिंती-रोमा आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या संघटनांशी बोलून ठरलं, की नाही. ज्या वर्गवारीनं या माणसांचा घात केला तीच वर्गवारी त्यांच्या हाडांवर पुन्हा लावायची नाही. २३ मार्च २०२३ ला डालेमच्या स्मशानभूमीत सगळ्यांचं एकत्र दफन झालं. मोजायचं नाही असंही शास्त्रानं ठरवावं लागतं, हे मला त्या गल्लीत उभं राहून पटलं.

त्या इमारतीत आता राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. आम्ही गेलो तेव्हा अंदाजाप्रमाणे दार बंद होतं. काचेतून नोटीस बोर्ड दिसत होता, त्यावर खोली भाड्यानं देण्याच्या आणि सायकली विकण्याच्या चिठ्ठ्या. आत संस्थेच्या इतिहासावरचं प्रदर्शन आहे, बाहेरही फलक आहेत. बाहेरचे आम्ही सगळे वाचले आणि दुपारच्या गाडीला लागलो.

बर्लिनला शिकायला, नोकरीला, फिरायला जाणारे मराठी लोक आता खूप आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की दरवाजा, घुमट, भिंत बघून झाली की अर्धा दिवस डालेमसाठी ठेवा. यू-३ नं टीलप्लात्सला उतरा, तिथून पाच-दहा मिनिटांची चाल आहे. आणि रविवारी जाऊ नका, शुक्रवारी जा. म्हणजे दार उघडं असेल आणि आतलंही वाचता येईल.